पाहुणे आले, घर घेऊन

पुण्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटातल्या पाइपला हेअर ड्रायरची गरम हवा देत होते. त्याला भाचीच्या लग्नाची पत्रिका टपालाने पाठवायची होती.

"ताई, पत्ता काय लिहू?"

"सू फॉल्स, साउथ डकोटा."

"तिकडे घर घेतलंत?"

"नाही रे. तिकडे आम्ही एक रात्र राहिलो होतो."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" हे वाक्य त्या वर्षात मी किमान पंधरा जणांकडून ऐकलं. विंचवाला महिन्यातून चार वेळा संडासाची टाकी रिकामी करावी लागत नाही, हे मात्र कोणालाच सुचत नाही.

हेअर ड्रायरचं नंतर सांगते. आधी पत्त्याचं.

आरव्हीत, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, बारा महिने राहणाऱ्याला अमेरिकेत घर नसलं तरी चालतं, पत्ता मात्र लागतोच. लायसन्स, गाडीचा विमा, बँक, मेडिकेअर, सगळे विचारतात की तुम्ही कोणत्या राज्याचे. म्हणून अशी मंडळी बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचे रहिवासी होतात. तिन्ही ठिकाणी राज्याचा आयकर नाही आणि टपाल घेऊन ते तुम्ही असाल तिथे पाठवणाऱ्या संस्था आहेत. साउथ डकोटात कॅम्पग्राउंडमध्ये, म्हणजे अशा गाड्या लावून राहायच्या तळावर, एक रात्र राहिल्याची पावती, असा एक टपालाचा पत्ता आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर आमचं लायसन्स झालं. न्यू जर्सीत ३१ वर्षं राहून जे राज्य कधी आपलं वाटलं नाही ते सोडताना डोळ्यांत पाणी आलं, आणि जिथे एक रात्र काढली तिथले आम्ही कागदोपत्री भूमिपुत्र.

मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याचं, एक सांगून ठेवते, कारण याच वयात लोक हा विचार करतात. सरकारचं मूळ मेडिकेअर देशभर चालतं. खासगी कंपन्यांच्या अ‍ॅडव्हान्टेज योजनांना बहुधा ठरावीक भागातलेच डॉक्टर असतात, आणि आज कॅरोलायना तर उद्या टेक्सस अशा माणसाची त्यात पंचाईत होते. पासष्टीच्या आत निघालेल्या एका जोडप्याची विम्यावरून झालेली ओढाताण मी पाहिली होती. म्हणून नवरा कितीही घाईला आला तरी मला ६५ पूर्ण होईपर्यंत मी घर विकू दिलं नाही.

घर विकलं २०२४च्या मे महिन्यात. ते रिकामं करण्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी केलं नाही त्यांना कळणार नाही. बरोबर आलं ते एवढंच: दोन कुकर, पुरणयंत्र, मिसळणाचा डबा, चार साड्या, आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. गाडी निघायच्या आधी हे दोघे पंच्यात गुंडाळून मोज्यांच्या खणात जातात. पहिल्या दिवशी फार संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी विसरले, तर एका वळणावर बाळकृष्ण घरंगळत थेट ड्रायव्हरच्या सीटपाशी गेला. तेव्हापासून मोज्यांचा खणच बरा.

गाडी म्हणजे २०१८ची, २८ फुटांची, फोर्डच्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे दुसरा, मधे ओटा, जेवायचं टेबल, न्हाणीघर. ४० गॅलन स्वच्छ पाण्याची टाकी; अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याला ग्रे टँक, संडासाला ब्लॅक टँक. गॅलनला जेमतेम नऊ मैल जाते. हे सगळं घेतलं ते निसर्ग वगैरे बघायला, असं नवरा लोकांना सांगतो. खरं कारण वेगळं होतं. मुलगी नॉर्थ कॅरोलायनात केरीला, धाकटे दीर अटलांटाजवळ, नवऱ्याचा सांगलीच्या कॉलेजातला जिवलग मित्र ह्यूस्टनला. दरवर्षी विमानाने जायचं, चार दिवस त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायचं, पाचव्या दिवशी आपणच अवघडायचं. सकाळी सहाला जाग येते, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडं वाजेल म्हणून साडेसातपर्यंत पडून राहायचं. माझं म्हणणं होतं, आपला ओटा आपल्याबरोबर असेल तर महिनाभरही राहता येईल.

मला हिशेब लागला नाही तो थंडीचा.

आरव्ही हे तीन ऋतूंचं घर आहे. न्यू जर्सीतली बहुतेक कॅम्पग्राउंड ऑक्टोबर सरता सरता बंद होतात, नळ तोडतात. शेवटचे दोन आठवडे आम्ही एडिसनला एका मैत्रिणीच्या दारात काढले आणि मग गाडी 'विंटराइझ' केली. म्हणजे सगळ्या टाक्या आणि पाइप रिकामे करायचे, गीझरला बायपास करायचं आणि पाइपांत अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं गुलाबी औषध, भरायचं. हे गाडीच्या इंजिनात घालतात ते विषारी नव्हे. प्रोपिलीन ग्लायकोलचं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत चालणारं. प्रत्येक नळ उघडून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचं. शॉवर विसरायचा नाही. आम्ही विसरलो होतो, पण मैत्रिणीच्या नवऱ्याने आठवण केली.

यानंतर घर घरासारखं दिसतं, नळाला मात्र पाणी नाही. प्यायला आणि स्वयंपाकाला बाटल्या, तोंड धुवायला तांब्या. नवऱ्याचं बालपण मिरजेत हंड्या-कळशांत गेलं, त्याला काही वाटलं नाही. मी डोंबिवलीची. पाणी जाण्याची सवय मलाही आहे, पण आपण स्वतःच पाणी घालवायचं आणि वर पाइपांना १४ डॉलरचं गुलाबी औषध पाजायचं हे पचायला वेळ लागला.

निघालो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. केरीचा सरळ रस्ता म्हणजे आय-९५ महामार्ग, कारने आठ-नऊ तास. पण आमच्या गाडीच्या पोटात प्रोपेन गॅसची ४० पौंडांची टाकी होती, आणि बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठी टाकी नेता येत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. २६ मार्च २०२४च्या पहाटे 'डाली' हे मालवाहू जहाज त्या पुलाच्या खांबावर आदळलं, पूल पडला, आणि वर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. आठ महिन्यांपूर्वीची टीव्हीवरची बातमी एकदम आमच्या रस्त्यात येऊन उभी राहिली. शहराला पश्चिमेकडून वळसा घालून ६९५ या महामार्गाने जावं लागलं, संध्याकाळच्या गर्दीत, २८ फूट गाडी, आणि मी मोबाइल हातात धरून "उजवीकडे, नाही, पुढचं उजवीकडे". आमच्या संसारातलं सगळ्यात वाईट भांडण तिथे झालं. त्याचा तपशील दोघांनीही न काढण्याचं ठरलं आहे.

रात्र व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या अलीकडे काढली. याच पट्ट्यात जानेवारी २०२२मध्ये बर्फामुळे शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या; सिनेटर टिम केन त्यांत २७ तास होते. ते आठवून मी मुगाची खिचडी टाकली. अडकलो तर अडकलो, घर तर बरोबर आहे. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा पायजम्यावरच बाहेर आले, गॅस गळतोय का बघायला.

केरीला थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी पोचलो. नात आधीपासून ड्राइव्हवेत, म्हणजे घरापुढच्या गाडी लावायच्या जागेत, उभी. तिला आजी-आजोबांपेक्षा डोक्यावरच्या पलंगात रस होता, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्याच्या ड्राइव्हवेत आरव्ही लावणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. पहिली अडचण उताराची. आमचा फ्रिज गॅसवरही चालतो, विजेवरही, पण त्याला गाडी सपाट हवी, नाहीतर तो बिघडतो. पुढच्या चाकांखाली प्लास्टिकचे पिवळे ठोकळे घालून तीन वेळा पुढे-मागे केलं. जावई पातळी मोजायचं यंत्र घेऊन उभा होता. तो सॉफ्टवेअरवाला आहे, पण त्या दिवशी गवंड्याच्या ऐटीत होता. दुसरी अडचण विजेची. कॅम्पग्राउंडमध्ये आम्हाला ३० अँपिअर मिळतात, म्हणजे ३,६०० वॉट. घरातल्या साध्या प्लगला १५, म्हणजे निम्मेच. हीटर लावला असेल तर मायक्रोवेव्ह नाही, मायक्रोवेव्ह लावायचा असेल तर इलेक्ट्रिक किटली नाही. हे मला तोंडपाठ होतं. नवऱ्याला पण होतं, असं तो म्हणतो.

गॅरेजमधल्या त्याच सर्किटवर मुलीचा डीप फ्रीझर होता.

रविवारी रात्री कधीतरी सर्किट पडलं. गाडीत आमची बॅटरी दिवे चालवत होती, म्हणून आम्हाला पत्ता नाही. मंगळवारी मुलगी गॅरेजमधून ओरडली. सुरमईचे तुकडे, गणपतीत करून ठेवलेले २१ उकडीचे मोदक, खवलेला नारळ, आणि नातीच्या वाढदिवसाचा उरलेला केक, सगळ्याचं एक सरोवर. मुलगी रागावली नाही. "जाऊ दे आई," एवढंच म्हणाली, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून जाड तारेची ५० फुटांची एक्स्टेन्शन आणली आणि ती खिडकीतून धुण्याच्या खोलीतल्या वेगळ्या सर्किटला लावली. कोणाच्या दारात गाडी लावणार असाल तर पाया पडण्याच्या आधी विचारा की त्या प्लगवर आणखी काय आहे.

आता हेअर ड्रायर. केरीत दिवसा चांगलं ऊन असे, म्हणून आम्ही गुलाबी औषध धुऊन काढून पाणी परत चालू केलं. तोटीला हीटर असलेला होज (पाण्याची नळी) लावला. तो स्वतःला गरम ठेवतो, गोठत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री पारा २० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे सात सेल्सियसच्या आसपास, उतरू लागला. गाडीत प्रोपेनवर चालणारी फर्नेस आहे, पण ती थंडीत घुरघुरत राहते आणि प्रोपेन खाते, आणि आमची टाकी गाडीलाच जोडलेली. भरायची तर सगळं घर उचलून पंपावर न्यावं लागतं. नवऱ्याने डोकं लढवलं: मुलीकडची वीज आहेच, छोटा सिरॅमिक हीटर लावू. आत छान उबदार झालं. सकाळी नळाला पाणी नाही.

कारण साधं होतं, पण आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं. फर्नेसची गरम हवा फक्त खोलीत येत नाही. तिचा एक फाटा गाडीच्या पोटात, टाक्या आणि पाइपांपाशी जातो. आम्ही वर ऊब केली आणि पोट उघडं टाकलं. हीटरवाला होज मजेत होता, गाडीच्या आतला सहा इंचांचा पाइप गोठला होता. पाऊण तास ड्रायर धरल्यावर तो सुटला. फुटला नव्हता, हे नशीब. त्यानंतर आमचा नियम ठरला: रात्री पारा ३२च्या, म्हणजे पाणी गोठतं त्याच्या, खाली जाणार असेल तर होज काढून ठेवायचा, आतल्या टाकीतलं पाणी वापरायचं, फर्नेस ५५वर, आणि पोटातल्या कप्प्यात जुन्या पद्धतीचा एक पिवळा बल्ब. एलईडी नको, तो गरम होत नाही. हे बल्ब आता दुकानांत सहसा मिळत नाहीत. मुलीच्या शेजाऱ्याकडे दोन होते.

सर्किट, पाइप वगैरे सांगून झालं, पण केरीतली खरी अडचण ती नव्हती. मुलगी रोज रात्री म्हणायची, "आई, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. बाहेर गाडीत झोपता, लोक काय म्हणतील?" मी हसून टाळायचे. एके दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा लक्षात आलं की तिला लोकांचं पडलेलं नाही, तिला वाटतंय की आई आपल्याकडे राहायला आलीच नाही. मग तडजोड झाली. शुक्रवार-शनिवार वरच्या खोलीत, बाकी गाडीत. आणि सकाळचा पहिला चहा तिने पायातल्या सपातांनिशी आमच्याकडे येऊन घ्यायचा. तो चहा फार चांगला झाला. ऑफिसला जायच्या आधी वीस मिनिटं, टेबलापाशी आम्ही दोघीच. तिच्या स्वयंपाकघरात ती सतत उठून काहीतरी करते. माझ्याकडे तिला बसण्याशिवाय करायला काही नव्हतं.

नाताळानंतर दिरांकडे. आय-८५ने दोन दिवस. दिरांची वसाहत अटलांटाच्या उत्तरेला, सगळी घरं विटकरी, सगळी गवतं एका उंचीची. जाऊबाईंनी आधीच सांगितलं होतं, "वहिनी, इथल्या घरमालकांच्या संघटनेचा काहीतरी नियम आहे, पण सुट्ट्यांत कोण बघतंय." बघत होतं. तिसऱ्या दिवशी ईमेल आलं, फोटोसह: सामान चढवा-उतरवायला गाडी ४८ तास चालेल, त्यापुढे दंड. फोटोत खिडकीत वाळत घातलेला माझा परकर स्पष्ट दिसत होता. दीर फार खजील झाले, अध्यक्षांना भेटायला निघाले. मी म्हटलं, भावजी, राहू द्या. तुम्हाला इथे पुढेही राहायचंय, आमचं काय.

१ जानेवारीला अलाटूना तलावाकाठी आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं कॅम्पग्राउंड मिळालं, दिरांच्या घरापासून अर्ध्या तासावर. वयाची बासष्टी झाली की ८० डॉलरना जन्मभराचा सीनियर पास मिळतो, नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाही. राष्ट्रीय उद्यानं फुकट होतात, आणि अशा केंद्र सरकारच्या कॅम्पग्राउंडांत बहुतेक ठिकाणी अर्धे पैसे पडतात. आपल्या लोकांत हा पास किती जणांना माहीत नाही याचं मला दर वेळी नवल वाटतं. तिथे मुक्कामाची मर्यादा १४ दिवस. मोजून १५ तारखेला निघायचं होतं, म्हणजे संक्रांत तिथेच.

१४ जानेवारीला मी आरव्हीत हळदीकुंकू केलं. जाऊबाईंनी आठ जणींना सांगितलं, आल्या अकरा. काळ्या साड्या, वर जाड कोट, पायात मोजे आणि चपला, हातात फोनचे दिवे, पाइनच्या झाडांखालून रांगेने येणाऱ्या बायका बघून समोरच्या साइटवरचं मिशिगनचं जोडपं खुर्च्या घेऊन बाहेर बसलं. आत एका वेळी चौघी. बाकीच्या शेकोटीपाशी. तिळगूळ सकाळी केला होता. गुळाचा पाक जरा पुढे गेला आणि धुराचा अलार्म ओरडू लागला, म्हणून वड्या थोड्या चिवट. वाण काय द्यावं हा मोठा प्रश्न, कारण अकरा वस्तू ठेवायला माझ्याकडे जागा नाही. शेवटी अकरा छोट्या टॉर्च आणल्या, त्या लगेच परतीच्या वाटेवर कामी आल्या. मिशिगनच्या बाईंनाही बोलावलं. तिने कुंकू लावून घेतलं, हलवा खाल्ला आणि विचारलं, हे दर मंगळवारी असतं का?

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. बेत असा होता की अलाबामात गल्फ शोअर्सला समुद्रकाठी चार-पाच दिवस ऊन खायचं आणि २१ला निघून २२ला ह्यूस्टन. नवऱ्याच्या मित्राची २३ तारखेला हृदयाची बायपास होती. त्याची मुलं दोन्ही सिअ‍ॅटलला. मोठा येणार होता, पण चारच दिवस. मित्राची बायको गाडी चालवत नाही. म्हणजे ही भेट नुसती भेट नव्हती. नवऱ्याने शब्द दिला होता.

गल्फ स्टेट पार्कचं कॅम्पग्राउंड मोठं आहे, पाचशेच्या जवळपास जागा, आणि हिवाळ्यात उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांनी भरलेलं. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. मिनेसोटा, ओहायो, कॅनडातलं ऑन्टॅरिओ. सायकली, कुत्री, दुपारी पत्ते. दोन दिवस खरंच ऊन होतं. मग अंदाज आला. आधी कोणी विश्वास ठेवला नाही. टेक्ससपासून फ्लोरिडापर्यंत सबंध किनाऱ्यावर बर्फ. लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने ब्लिझर्डचा, म्हणजे हिमवादळाचा, इशारा दिला, त्या कार्यालयाच्या इतिहासात पहिला. पश्चिमेला निघावं तर तिकडेच बर्फ आधी. नवरा नकाशा घेऊन रात्री दोनपर्यंत बसला. १९लाच निघालो असतो तर कदाचित पोचलो असतो, हे तो अजून म्हणतो. मी नको म्हटलं होतं. ते बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता येत नाही.

२१ तारखेला सकाळी बर्फ पडू लागला. तिथली वाळू मुळातच साखरेसारखी पांढरी असते, त्यामुळे वाळू कुठे संपली आणि बर्फ कुठे सुरू झाला ते कळेना. पुढे शांत राखाडी समुद्र आणि अंगात शॉर्ट्स घालून फोटो काढणारे कॅनडियन. पेन्साकोलात जवळपास ९ इंच पडला, मोबीलमध्ये साडेसात, न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८. एवढा बर्फ न्यू ऑर्लिन्सने १८९५नंतर पाहिला नव्हता. या भागात बर्फ ढकलणारी यंत्रं असणार तरी किती? किनाऱ्यालगतचा आय-१० महामार्ग बंद. लुइझियानात तर कित्येक मैल, कित्येक दिवस.

आमच्या गाडीला काही झालं नाही. होज काढलेला, टाकी भरलेली, फर्नेस ५५वर, पिवळा बल्ब चालू. डिसेंबरमध्ये मुलीच्या दारात जे शिकलो ते सगळं कामी आलं. आमच्या रांगेतल्या चार गाड्यांचे पाइप गोठले आणि मी हेअर ड्रायर घेऊन दारोदार फिरले, पोट दाखवा म्हणत. एरवी मला फार मजा वाटली असती. पण नवरा फोन हातात धरून खिडकीशी बसला होता. ह्यूस्टनचे विमानतळ बंद, मुलाचं विमान रद्द. २३ला बर्फ वितळला होता, शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली. दवाखान्यात मित्राबरोबर त्याची बायको आणि शेजारची एक तमिळ बाई. मुलगा संध्याकाळी पोचला. आम्ही अलाबामात, घर बरोबर, आणि उपयोग शून्य.

रस्ते उघडल्यावर शनिवारी, २५ला निघालो. अचाफलाया खोऱ्यावरचा अठरा मैलांचा पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना सायप्रसच्या झाडांखाली अजून पांढरे ठिपके होते. नवरा तासन्‌तास बोलला नाही. रविवारी अंधार पडता पडता ह्यूस्टन.

मित्राची वस्ती जुनी आहे, संघटना नाही, ड्राइव्हवे सपाट. मी उतरल्या उतरल्या गॅरेजमधलं सर्किट विचारलं. तो पाच दिवसांनी दवाखान्यातून घरी आला, आधाराला छातीशी लाल उशी धरून. नवऱ्याने "उशीर झाला रे" म्हटलं, त्यावर तो म्हणाला, "तू थर्ड इयरलाही व्हायवाला उशिराच आला होतास." तो विषय तिथेच मिटला, निदान त्याच्याकडून.

आम्ही पाच आठवडे राहिलो. पाहुणे म्हणून पाच आठवडे कोणाच्या घरात, तेही आजारपणात, राहणं मला शक्यच नव्हतं. इथे सकाळी सहाला मी माझं भांडं वाजवत होते. नवरा त्याला फिरायला न्यायचा, तपासणीला न्यायचा. मी दोन्ही घरचा स्वयंपाक एकाआड एक दिवस माझ्या ओट्यावर करायचे. बिनमिठाचं पिठलं कसं करायचं ते मला आता येतं. चांगलं करायचं ते कोणालाच येत नसावं. टाक्या रिकाम्या करायला दर नऊ दिवसांनी गाडी हलवावी लागे, त्या दिवशी मित्राची बायको म्हणायची, "अंगण कसं ओकंबोकं दिसतं."

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला पायऱ्या चढायची परवानगी दिली. आमच्या दाराला दोनच पायऱ्या. त्या दिवसापासून तो रोज दुपारी चारला स्वतःचा कप घेऊन यायचा, दार वाजवायचा, आणि "आहेत का घरात?" असं विचारायचा. तासभर पत्ते. त्याची बायको यायची नाही. मी एकदा आग्रह केला तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्या एका तासात मी माझ्या घरात एकटी असते. महिनाभरात पहिल्यांदा." मग मी पुन्हा आग्रह केला नाही. उलट चहाबरोबर खाकराही ठेवू लागले, म्हणजे जरा वेळ लागेल.

एका दुपारी डाव रंगात आला होता. मला शिळी पोळी गरम करायची होती, हीटर चालू आहे हे विसरून मी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं. तो घुर्र करून बंद. नवरा उठू लागला तर मित्राने त्याला हाताने खाली बसवलं. "माझं घर, माझं सर्किट." पत्ते उपडे ठेवून, दांडीला धरून तो दोन पायऱ्या उतरला आणि लाल उशी न घेता गॅरेजकडे गेला. आम्ही दोघं श्वास रोखून. आतून खुडबुड ऐकू आली. मग आवाज आला, "लागला का?"

"लागला," नवरा इथूनच ओरडला.

"मग माझे पत्ते बघू नकोस."